ताईने चमचा खाली ठेवला

आज दुपारी ताईने मी घरी आंबवलेल्या मिरचीच्या नव्या सॉसचा चमचा जिभेला लावला आणि काही न बोलता तो बशीत ठेवून दिला. तिच्या डोळ्यांना पाणी आले होते. अर्धा पेला दूध पोटात गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तुला तिखट कळेनासं झालंय गं." रागाने म्हणाली असती तर मी तासाभरात विसरले असते. ती काळजीने म्हणाली, आणि म्हणूनच ते वाक्य अजून मनातून जात नाही.

तोच सॉस मी सकाळी चाखला होता आणि मला तो सौम्य वाटला होता. मिरच्या कापताना आतला पांढरट गाभा निम्म्याहून अधिक ठेवला असता तरी चालले असते, असेही माझ्या मनात येऊन गेले होते. तिखटपणा बियांत असतो असे पुष्कळजण मानतात, परंतु तो मुख्यतः ज्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात असतो, बियांना तो केवळ लागलेला असतो. हे मला ठाऊक आहे, म्हणून मी दरवेळी हातमोजे घालून तो गाभा सुरीच्या टोकाने काढते आणि किती ठेवायचा हे अंदाजाने ठरवते. या अंदाजावर माझा फार विश्वास होता.

बाकीच्या कामात मी कधी अंदाजाने चालत नाही. ८०० ग्रॅम लाल मिरच्यांच्या भरडीला २० ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच टक्के, हे मी वजनकाट्यावरच मोजते, कारण मीठ कमी पडले तर नको ते जंतू वाढतात आणि फार झाले तर आंबवणारे जंतूही मंदावतात. बरणीत भरड वर फुगून येते, तिला रोज खाली दाबून रसाखाली ठेवावे लागते आणि झाकण किंचित सैल करून आतला वायू सोडावा लागतो. पहिल्या आठवड्यात तो वायू सुस्कारा टाकल्यासारखा बाहेर येतो, आणि तो आवाज ऐकण्यासाठी मी सकाळी लवकर उठते. २१ दिवसांनी आम्लता दाखवणारी पीएच पट्टी ३.६ च्या रंगाला आली (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त), तेव्हा मला किती समाधान वाटले होते! बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू ४.६ च्या खाली वाढू शकत नाही, त्यामुळे त्या पट्टीने मला निश्चिंत केले. मात्र तिखटपणा सांगणारी अशी पट्टी माझ्याकडे नाही. त्यासाठी माझ्याकडे माझी जीभ आहे, आणि तिच्याविषयीच ताई बोलत होती.

पूर्वी चव घ्यायला घरात आणखी एकजण होते. चमचा तोंडात घालून ते नुसते "हं" म्हणत आणि त्या एका हुंकारावरून मला सगळे कळत असे. ते असो.

संध्याकाळभर मी जुन्या बाटल्यांचाच विचार करत राहिले. ताईच्या फ्रिजच्या दारात गेल्या वर्षीची बाटली अजून तीन-चतुर्थांश भरलेली आहे. ती पुरवून पुरवून वापरते असे मी समजत होते. धाकटीनेही परवा "आता नको, आहे अजून" असे सांगितले, तेव्हा मला तिच्या जपून खाण्याचे कौतुक वाटले होते. इतकी वर्षे मी ज्यांच्यासाठी डोळे चुरचुरत मिरच्या कापल्या, ते सारे माझे मन राखण्यासाठी बाटली घेऊन जात होते काय? हे लिहितानाही घशात काहीतरी अडकते. कोणी एकदा तरी सांगायला हवे होते.

मग आठवले की तिखट खाणाऱ्याची जीभ बोथट होते हे मी स्वतःच कितीदा इतरांना सांगितले आहे. मिरचीतले तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो, म्हणून तोंड भाजल्याची बातमी मेंदूला पोहोचते. १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. त्याच मज्जातंतूंना वारंवार डिवचले की ते प्रतिसाद कमी देऊ लागतात. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात विरळ करत नेऊन, तिखटपणा कितव्या पातळीला कळेनासा होतो हे माणसांच्या जिभेवर ठरवण्याची पद्धत काढली, आणि त्या पद्धतीचे मोठे वैगुण्य हेच होते की प्रत्येकाची जीभ निराळी असते आणि थोड्या वेळात ती थकते. आता प्रयोगशाळेत कॅप्सेसिन यंत्राने मोजतात. माझ्या स्वयंपाकघरात मात्र अजूनही १९१२ च चालू आहे, आणि चाखणारी एकटी मीच उरले आहे.

कळेनासे झाले, हा शब्द मला दुपारी बोचला होता. आता तो तितकासा बोचत नाही, कारण तो खरा आहे.

उकळून कॅप्सेसिन फारसे जात नाही आणि गाळूनही ते काढता येत नाही. त्याला फक्त विरळ करता येते. म्हणून जेवणानंतर मी गाजरे मऊ उकडून वाटली आणि तीन वाट्या मांडल्या, सॉसइतकेच गाजर, दुप्पट आणि तिप्पट. ताईला पुन्हा बोलावले तेव्हा ती आधी कचरली, पण आली, आणि दोन वाट्यांच्या मध्ये दूध पीत तिने सावकाश चव घेतली. तिसऱ्या वाटीला ती म्हणाली, "ही छान आहे. तिखट आहे, पण मिरचीचा वासही येतोय." मला त्या वाटीत गाजराचा गोडवाच लागला. तरीही मी तिचेच मानले. गाजराने आम्लता उतरली होती, पट्टी चारच्या वर गेली होती, तेव्हा ती पुन्हा ३.७ पर्यंत येईपर्यंत व्हिनेगर घातले, सॉस उकळला आणि बाटल्या भरल्या.

मूळ सॉसची एक लहान बाटली मी बाजूला ठेवली आहे. तिच्यावर आजची तारीख घातली. उद्यापासून तीन आठवडे माझ्या ताटात मिरची नाही, आणि त्यानंतर ती बाटली उघडून एक थेंब घेईन. त्या दिवशी ताईला जवळ बसायला सांगितले आहे. ती म्हणाली, "दूध मी आणते."