२४ तास कुठून मोजायचे?

औषधचाचण्यांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा नियम आणि समित्यांभोवतीच फिरते. परळ भागात स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांच्या भेटी, नोंदी आणि संपर्क सांभाळण्याचे काम करताना माझे मत असे झाले आहे की नियम आपल्याकडे पुरेसे आहेत. अपुरी आहे ती ते रोज पाळता यावेत यासाठी लागणारी माणसांची आणि पैशांची तजवीज.

२०१९ च्या नवीन औषधे व औषधचाचणी नियमांनुसार चाचणीत सहभागी झालेल्या व्यक्तीचा मृत्यू झाला, तिच्या जिवाला धोका निर्माण झाला किंवा तिला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर प्रमुख संशोधकाने ती घटना घडल्यापासून २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी (चाचणीला मंजुरी देणारी व तिच्यावर देखरेख ठेवणारी समिती) या तिघांना कळवायचे असते. उशीर झाल्यास त्याची कारणे द्यावी लागतात. हे २४ तास घटना घडल्यापासून मोजले जातात, ती आम्हाला कळल्यापासून नव्हे. आता बदलापूरला राहणाऱ्या एखाद्या सहभागीला रात्री धाप लागली, तर घरचे त्याला जवळच्याच नर्सिंग होममध्ये नेणार, आणि ते योग्यच आहे. पण तो एका चाचणीतले औषध घेत आहे हे तिथल्या डॉक्टरांना कोण सांगणार? आम्ही सहभागीला दिलेले, चाचणीची माहिती आणि संपर्क क्रमांक असलेले कार्ड अनेकदा फाइलीसह कपाटात असते, आणि पुढच्या तपासणीला आल्यावर रुग्ण सहज म्हणतो, “मध्ये दोन दिवस ॲडमिट होतो.”

म्हणून कार्ड रेल्वेच्या पासासोबत ठेवायला सांगणे, संमतीच्या वेळी घरातल्या आणखी एका व्यक्तीला सगळे समजावणे आणि दोन भेटींच्या मधे स्वतःहून फोन करणे, ही किरकोळ वाटणारी कामेच चाचणीची खरी पहारेदारी करतात. कार्डावरचा क्रमांक मात्र पुष्कळदा कोऑर्डिनेटरच्या खासगी मोबाइलचा असतो. आमच्यापैकी बरेच जण कंत्राटी. चाचणी अर्ध्यावर असताना माणूस नोकरी सोडतो, क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि कार्ड तेच राहते. एथिक्स कमिटी कार्डावरचा मजकूर बारकाईने वाचते, परंतु रात्री अकरा वाजता तो क्रमांक लावून पाहिलेला सदस्य माझ्या तरी पाहण्यात नाही.

बातमी कळणे आणि तिच्यावरून निर्णय होणे यांतही अंतर असते. फ्रान्समधील रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर एका नव्या औषधी रेणूची चाचणी चालू होती. १० तारखेच्या संध्याकाळी एकाला रुग्णालयात हलवावे लागले, तरीही ११ तारखेच्या सकाळी त्याच गटातल्या इतरांना पुढचा डोस देण्यात आला. पहिला स्वयंसेवक १७ तारखेला मरण पावला आणि इतरही काही जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. इथे अंतर बदलापूर ते परळ एवढे नव्हते. रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा कोऑर्डिनेटरला पुढचा डोस थांबवून ठेवण्याचा अधिकार लेखी असायला हवा, असे मी म्हणते ते याचसाठी. प्रमुख संशोधक शस्त्रक्रियेत असतील, तर त्यांची वाट पाहत डोस सुरू राहता कामा नये.

औषधाच्या साठवणुकीचीही हीच गत आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तशी ती पुन्हा जाऊ शकते. २ ते ८ अंशांत ठेवायच्या औषधाच्या फ्रिजला बॅकअप आणि तापमानाची अखंड नोंद नसेल, तर ते औषध बाजूला काढायचे की वापरायचे हे फार्मासिस्टने कशाच्या आधारावर ठरवावे?

या सगळ्याला पैसे लागतात, आणि मी पाहिलेल्या करारांत तपासण्या, प्रवासखर्च, अगदी झेरॉक्ससुद्धा असते. रात्रीच्या फोनसाठी मात्र वेगळी रक्कम क्वचितच दिसते. कमिटीत किमान सात सदस्य आणि त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात. बाहेरच्या सदस्यांना संस्थेची भीड कमी असते, त्यामुळे मंजुरीपूर्वी अंदाजपत्रकातली ही रिकामी जागा त्यांनीच दाखवावी आणि ती भरेपर्यंत पहिल्या रुग्णाची नोंदणी रोखून धरावी.