शेड्यूलचा आठवडा

दर चौथा आठवडा मी जिममध्ये ठरवून हलका घेतो, ते कसं सुरू झालं ते सांगतो. मार्च महिना होता. अंघोळ करून शर्ट घालायला गेलो तर उजवा हात बाहीत जाईना. खांद्याच्या टोकाला अशी कळ निघाली की मी तिथंच पलंगावर बसलो. शेवटी बायकोनं बाही धरली, मी लहान पोरासारखा हात खाली सोडला, तेव्हा कुठं शर्ट अंगात गेला. आदल्या संध्याकाळी बेंचवर उताणं पडून 60 किलोचा रॉड छातीवरून आठ वेळा वर ढकलला होता. जिममधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. 'काका, तुम्ही वय खोटं सांगता,' असंही एक जण म्हणाला. झालं, मी नववा मारायला गेलो. तो अर्ध्यात अडकला आणि दोघांनी रॉड उचलून ठेवला.

तेव्हा मी 59 वर्षांचा होतो, रिटायरमेंटला वर्षभर बाकी होतं. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये माझी सगळी नोकरी गेली. व्यायाम पोरवयात गावच्या तालमीत केला होता, मग संसार आणि शिफ्टा यांत तो कधी सुटला ते कळलंच नाही. 51 व्या वर्षी साखर सीमारेषेवर आली, डॉक्टर म्हणाले नुसतं चालून भागणार नाही, थोडं वजन उचला. जामनेर रोडवरच्या एका जिममध्ये नाव घातलं. पत्र्याचं छत, दोन पंखे, उन्हाळ्यात आत गेलं की भट्टी. पण मला ती जागा आवडली. पहिल्या दोन वर्षांत साखर ताळ्यावर आली, गुडघ्यांची कुरकुर थांबली आणि मला नशा चढली.

तालमीतल्या वस्तादांनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती: खाडा करायचा नाही. पाऊस असो, लग्न असो, अंगात कणकण असो, मातीत उतरायचंच. तो मंत्र मी आठ वर्षं जिममध्ये चालवला. आठवड्याचे चार दिवस, वर्षाचे बावन्न आठवडे. अंग मोडून आलं तरी जायचो. कोपर दुखलं तर त्यावर पट्टा आवळून जायचो. वस्तादांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही सोळा-सतरा वर्षांचे होतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

जळगावला दाखवलं. सोनोग्राफीत निघालं की खांद्यातला स्नायू जिथं हाडाला बांधलेला असतो ती दोरी सुजली आहे. फाटलेली नव्हती, हे नशीब. सहा आठवडे वजन बंद. फिजिओथेरपी करणारी मुलगी माझ्या पोरीच्या वयाची होती. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम करून घेताना तिनं जे सांगितलं ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, म्हणून तो लवकर भरतो, लवकर वाढतो. दोरीला रक्त कमी, तिची दुरुस्ती सावकाश चालते, आणि वय वाढेल तशी आणखी सावकाश. 'काका, तुमचा दंड तयार झाला, दोरी मागं राहिली,' ती म्हणाली. 'तुम्ही तिला गाठायला वेळच दिला नाही.'

मग तिनं विचारलं, मध्येमध्ये हलका आठवडा घेता का? मी म्हटलं, दुखलं की घेतो. ती हसली. म्हणाली, दुखल्यावर घेतली ती सुट्टी नाही, ते आजारपण.

हे ऐकून मला शेड आठवली आणि खरं सांगतो, लाज वाटली. आमच्याकडे इंजिन बिघडल्यावरच आत येतं असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं नसतं. प्रत्येक इंजिनाचं शेड्यूल ठरलेलं असतं. ट्रिप इन्स्पेक्शन, मग आयए, आयबी, आयसी, त्यावर एओएच, आयओएच आणि सगळ्यात मोठं पीओएच, अशा लहानापासून मोठ्यापर्यंत तपासण्या आणि दुरुस्त्या. तारीख आली की चांगलं पळणारं इंजिनही पिटवर, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर, घ्यायचं. ट्रॅक्शन मोटर म्हणजे चाकं फिरवणारी मोटर, तिच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बन ब्रश माप लावून बघायचे आणि मापाखाली गेले असतील तर काढून टाकायचे. ब्रश अजून काम देत असतो, बरं का. पण झिजलेला ब्रश ठेवला तर कम्युटेटरवर, म्हणजे त्या फिरत्या भागावर, ठिणग्या उडतात आणि दोनशे रुपयांच्या वस्तूपायी आख्खी मोटर जळते. नव्या पोरांना मी हे कित्येक वर्षं शिकवलं. ठिणगीची वाट बघायची नाही रे, असं ओरडायचोसुद्धा. आणि स्वतःच्या खांद्याच्या बाबतीत मी ठिणगीच काय, धुराचीही वाट बघत बसलो होतो.

जूनमध्ये परत सुरू केलं, 20 किलोच्या रिकाम्या रॉडपासून. या वेळी वहीत आधी शेड्यूल मांडलं: तीन आठवडे काम, चौथा हलका. युनियनची डायरी असते ना, तिच्यात लाल पेनानं प्रत्येक चौथ्या सोमवारी 'शे.' म्हणजे शेड्यूल असं लिहिलं. पोरं या हलक्या आठवड्याला डिलोड म्हणतात. जवान माणसाला सहा-आठ आठवड्यांनी घेतला तरी चालतो म्हणे. माझी भरपाई सावकाश होते, म्हणून मी चारावर ठेवला.

हलका म्हणजे काय, यावर जिममध्ये जितकी तोंडं तितकी मतं. माझं असं बसलं: एरवी स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा काढताना, 80 किलोचे सहा-सहाचे चार सेट (सहा वेळा उचललं की एक सेट) असतील तर शे.च्या आठवड्यात 45 ते 50 किलोचे पाच-पाचचे दोन. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून रॉड ओढून उभं राहणं, 100 ऐवजी 60, तेही दोनच सेट. बेंच रिकाम्या रॉडवर किंवा थोड्या प्लेटांवर, खांद्याची रबरी बँडची कवायत मात्र पूर्ण. चार दिवसांऐवजी तीन दिवस. कुठलाही सेट दम लागेपर्यंत न्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. पाऊण तासाचं काम पंचवीस मिनिटांत संपतं. बाकीच्या दिवशी सकाळी तापीच्या पुलाकडे चालत जाऊन यायचं.

कागदावर हे सोपं आहे. पहिल्याच शेड्यूलला मी बुधवारी नियम मोडला. त्याचं कारण कोणी आधी सांगत नाही म्हणून इथं सांगतो. तिसरा आठवडा हा सगळ्यात चांगला आठवडा असतो. पहिल्यात अंग आखडलेलं, दुसऱ्यात सवय होते, तिसऱ्यात रॉड हलका लागतो, आरशात छाती दिसते. आणि नेमकं तेव्हाच डायरी म्हणते थांब. दुखत असताना थांबायला काही लागत नाही, चांगलं चाललेलं असताना थांबायचं म्हणजे जिवावर येतं. त्या बुधवारी मी 'फक्त बघू' म्हणून 100 किलो लावले आणि तीन ओढले. काही झालं नाही. काही झालं नाही हीच पंचाईत, कारण त्यामुळं पुढच्या महिन्यातही तेच केलं. ऑगस्टमध्ये खांदा परत कुरकुरला, दहा दिवस गेले. त्यानंतर मी बुधवारचं 'फक्त बघू' बंद केलं.

दुसरी चूक खाण्याची. व्यायाम कमी, तर भाकरीही कमी, असा हिशोब मी केला. शनिवारपर्यंत चिडचिड झाली, झोप उडाली. पुतण्या जळगावला शारीरिक शिक्षणाचं शिकतो, त्यानं कान उपटले. 'नाना, दुरुस्तीचं काम याच आठवड्यात चालतं आणि तुम्ही मालच बंद केला?' वय झालेल्या माणसाच्या स्नायूला प्रथिनं पचवून लावायला जरा जास्तच लागतात. किलोमागं दीड ग्रॅमपर्यंत सहज जावं असं त्याचं म्हणणं, निदान 1.2 तरी. माझं वजन 71, म्हणजे रोजचे 85 ग्रॅमच्या खाली यायचं नाही. घरात अंडं चालत नाही, ते मी जिमसमोरच्या गाडीवर उकडलेलं खातो. घरी दही, तुरीची डाळ, शेंगदाणे. कळण्याची भाकरी तर आहेच, ज्वारीत उडीद दळलेला असतो, नुसत्या ज्वारीपेक्षा बरी. शे.च्या आठवड्यात आता ताट तेवढंच असतं.

तिसरी चूक माझी एकट्याची नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शेड्यूल आलं आणि बायकोला कळलं की मी आठवडाभर मोकळा आहे. आमच्या खान्देशात एप्रिल म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला लागेल. वर्षाचं धान्य भरायचं असतं, पापड, कुरडया, बिबडे सगळं याच दिवसांत. सोमवारी गव्हाची पन्नास किलोची दोन पोती गच्चीवर चढवली, वाळवून परत उतरवली. मंगळवारी कुरडयांचा चीक. ज्यानं मोठ्या पातेल्यात लाकडी पळ्यानं चीक घाटलाय त्यालाच माहीत, तो शेवटी शेवटी सिमेंटसारखा होतो आणि हात थांबला की गुठळ्या होतात. मी थांबलो तर तीन बायका एकदम ओरडायच्या. बुधवारी कंबर धरली. बायको म्हणाली, 'अहो, रोज शंभर किलो उचलता म्हणता ना?' जिमच्या बाहेरचं वजनही वजनच असतं, पाठीला रॉड आणि पोतं यातला फरक कळत नाही. तेव्हापासून घरात सांगून टाकलंय, एप्रिलचं शेड्यूल घरचं, पण मग त्याच्या पुढचा आठवडाही जिममध्ये हलकाच.

मे महिन्यात मात्र मी वाद घालत नाही. पारा 45 च्या वर, पत्र्याखाली संध्याकाळी सातलाही रॉड हाताला गरम लागतो. तेव्हा एक आठवडा पूर्ण बंद, हलकंही नाही. आधी भीती वाटायची की आठ वर्षांची कमाई आठ दिवसांत जाईल. ती जात नाही. दोन-तीन आठवडे बंद ठेवलं तरी ताकद फारशी उतरत नाही, हे मला सहा आठवड्यांच्या सक्तीच्या रजेनंतर अंगावर कळलं होतं, तेव्हा उतरलेलं दोन महिन्यांत परत आलं. पुतण्यानं मोबाइलवर एक अभ्यासही दाखवला. फिनलंडमधल्या युवास्किला विद्यापीठाचा, 2024 सालचा. एका गटानं सलग 20 आठवडे व्यायाम केला, दुसऱ्यानं 10 आठवडे करून 10 आठवडे सुट्टी घेतली आणि मग परत 10. शेवटी दोघांची ताकद आणि स्नायू जवळजवळ सारखे.

पण त्यानंच दुसरा अभ्यासही काढला, आणि तो मी लपवणार नाही. तोही 2024 चाच. नऊ आठवड्यांच्या व्यायामात मधला एक आठवडा पूर्ण बंद ठेवला, तर स्नायू सलग करणाऱ्यांइतकेच वाढले, पण पायांची ताकद सलग करणाऱ्यांची थोडी जास्त वाढली. म्हणजे विश्रांतीचा आठवडा घेतला की दुप्पट जोमानं ताकद वाढते, असं जे जिममध्ये छातीठोकपणे सांगतात, ते सगळंच्या सगळं खरं मानायचं नाही. त्या अभ्यासात सगळी जवान मंडळी होती, साठीच्या खांद्याचा त्यात विचार नाही. आणि माझा हिशोब वेगळा आहे. नऊ आठवड्यांत स्क्वॉट अडीच किलोनं कमी वाढला तर माझं काही अडत नाही. मार्चसारखे सहा आठवडे परत गेले तर अडतं. वय वाढेल तसे स्नायू आपोआपच झिजत असतात, साठीनंतर जास्त वेगानं. त्यात असे सक्तीचे आठवडे वर्षातून दोनदा आले की वाढीचा विषयच संपतो.

सोमवारी परत येताना एक गोष्ट सांभाळावी लागते. अंग ताजं असतं, झोप झालेली असते, आणि वाटतं आज दहा किलो वाढवून टाकू. मी परत आल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या वजनावर येतो, वाढवायचं ते तिथून पुढं. सकाळी उठल्याबरोबर मनगटावर नाडी मोजायची सवयही लागली आहे. एरवी 62 असते, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी 68-70 होते, शे.च्या शुक्रवारपर्यंत परत खाली. एकदा दुसऱ्याच आठवड्यात 72 लागली, तेव्हा डायरीत नसतानाही शेड्यूल आधी घेतलं. दोन दिवसांनी ताप आला.

श्रावणातला आठवडा मी जुळवूनच ठेवतो. कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी, तिच्या सणातले नैवेद्याचे रोट भाऊबंदांनी मिळून संपवायचे असतात, घरात माणसांची ये-जा, जागरण. एका वर्षी रोटांच्या दुसऱ्या दिवशी स्क्वॉट करायला गेलो होतो. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

जिममधली पोरं अजून विचारतात. मागच्या गुरुवारी एकानं माझ्या रॉडवर सवयीनं दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा चढवल्या. मी त्या काढल्या. 'काका, बरं नाही का?' मी म्हटलं, बरं आहे, म्हणूनच. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. तो 24 वर्षांचा आहे, तीन महिन्यांत त्यानं एक दिवस चुकवलेला नाही आणि गेले दोन आठवडे तो डावं कोपर सारखं चोळतो. मी एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोललो तर मी त्याचा वस्ताद होईन, म्हणून गप्प बसलो, पण त्या कोपरावर माझं लक्ष आहे.

खांदा आता बेंचला 55 पर्यंत आवाज करत नाही. 60 मी परत लावलेले नाहीत, लावावेसे वाटतात. या हिवाळ्यापासून डावा गुडघा जिना उतरताना थोडा बोलायला लागलाय, त्यामुळं तीनावर एकऐवजी दोनावर एक करावं का, असा विचार चालू आहे. पुतण्या म्हणतो, आधी सेट कमी करून बघा. डायरीत पुढचं 'शे.' आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात पडतंय, लेक माहेरी येणार आहे. तोवर तीनावर एकच.