तुम्ही विचारलंत म्हणून: गवत का पेटवता?

शिकागोतल्या मंडळात असो की गावच्या फोनवर, मला हटकून विचारतात, "संवर्धन म्हणता आणि गवताला आग लावता? आणि आग लावायला शिकायचं काय असतं?"

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देते. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी, म्हणजे उंच गवताचा माळ, होता. १८३७ साली याच राज्यात जॉन डीअरनं पोलादी नांगर घडवला आणि हळूहळू जवळजवळ सगळा माळ शेतीखाली गेला. चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी आता जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे. तिथे आग फिरली नाही, तर झुडपं आणि झाडं पुढे सरकतात, गवत सावलीत मरतं. बिग ब्लूस्टेमसारख्या गवताचा जीव जमिनीखाली असतो. वरचं वाळकं जळलं की कोंबांना ऊन मिळतं. पोटावाटोमींसारखे इथले मूळ लोक मुद्दाम माळ पेटवत आले होते.

शिकायचं मात्र खूप असतं. एस-१३० आणि एस-१९० हे वणव्याशी काम करणाऱ्यांचे दोन प्राथमिक अभ्यासक्रम केले. तंदुरुस्तीच्या चाचणीत पाठीवर २५ पौंड घेऊन २ मैल ३० मिनिटांत चालले, धावायची मुभा नसते. पण खरं शिक्षण वाऱ्याचं.

पहिल्या दिवशी माझ्या हातात पेटवायची ड्रिप टॉर्च दिलीच नाही. पाठीवर पाच गॅलन पाण्याचा पंप, आणि काम एकच: कडेला उभं राहून ठिणगी पलीकडे जाऊ द्यायची नाही. वारा वाहत जातो त्या टोकाची कड आधी पेटवली. आग वाऱ्याला तोंड देत मागे मागे सरकली, गुडघ्याएवढी, संथ, आणि मागे काळा पट्टा सोडत गेली. तो पट्टा पुरेसा रुंद झाल्यावरच वाऱ्याच्या बाजूची कड पेटवली. मग जो आवाज झाला तो पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखा होता. ज्वाळा डोक्यावर गेल्या, काळ्या पट्ट्याशी आल्या आणि विझल्या.

मला आजोबा दिसले. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना ते आधी मूठभर माती उडवून वारा बघायचे आणि उलट्या बाजूनं पेटवायचे. "सावकाश जळायला हवा गं, नाहीतर जमीन भाजत नाही," म्हणायचे. त्यांनी सगळं सांगून ठेवलं होतं, मी ऐकलं मात्र पन्नाशीत, आठ हजार मैलांवर.

आग गेली की अर्धं काम उरतं. खोडं, बुंधे, शेणाचे पो, सगळं तपासायचं. हातमोजा काढून हाताचा मागचा भाग राखेजवळ न्यायचा, कारण तिथली कातडी ऊब लवकर ओळखते. परवा एका ओकच्या बुंध्याशी धूर नव्हता, पण ऊब होती. माती उकरून पाणी ओतलं, पुन्हा हात नेला, पुन्हा ओतलं. चौथ्या खेपेला तो गार लागला. मग पुढच्या बुंध्याकडे गेले.