सरांचा परिपाठ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आले आणि परिपाठ घेणारे सरच डोळ्यांसमोर उभे राहिले. बाकीच्या शिक्षकांवर इतर जण लिहितीलच.

आपल्या शाळेत पूर्वी घंटा झाली की गीतेचा पंधरावा अध्याय होई. तो बंद होऊन परिपाठ आला: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पसायदान, मौन. श्रमप्रतिष्ठेपासून वक्तशीरपणापर्यंत दहा मूल्ये भिंतीवर लागली. शाळेतून धर्म घालवला, अशी गावात कुरकुर झाली. सरांना ते मान्य नव्हते. धर्माची दीक्षा देणारे शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, हा भेद कोठारी शिक्षण आयोगाने (1964-66) केलाच होता. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे, हेही सर अभिमानाने सांगत. धर्मांविषयीचे शिक्षण ते असे देत: चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते. आपल्या पंचांगात तोच फरक अधिक मासाने भरून काढतात. दोन्ही गणिते ते शेजारी शेजारी मांडत.

बोधकथेचे तात्पर्य ते वाचू देत नसत, ते वर्गाने शोधायचे. वाचनाची पाळी हजेरीक्रमाने, नाहीतर तीच चार मुले रोज पुढे येतात. बातमीतले गाव नकाशावर दाखवल्याशिवाय पुढची बातमी नाही.

एकदा एका पालकांची चिठ्ठी आली, मुलगी पसायदान म्हणणार नाही. शिक्षकखोलीत बरीच चर्चा झाली. सरांनी राज्यघटनेचे कलम 28(3) वाचून दाखवले: अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मुलीला त्यांनी बाहेर काढले नाही. ती रांगेतच गप्प उभी राही. आठवड्याभराने तिनेच विचारले, "सर, व्यंकटी म्हणजे काय?"

"वाकडेपणा. खळ म्हणजे दुष्ट. ते जावोत असं मागितलेलं नाही बाळ, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागितलंय."

त्या दिवशी गणिताची तासिकाही नऊ ओव्यांच्या अर्थातच गेली. इतके मन लावून शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

26 जानेवारी 2020 पासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले. त्यातला 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द 1976 साली 42व्या दुरुस्तीने आला; सरांनी त्यावर आठवडाभर परिपाठ घेतला असता. मी आता अध्यापक विद्यालयात शिकवते. पाठनिरीक्षणाला जाते तेव्हा पुष्कळ शाळांत पसायदान ध्वनिवर्धकावर लावलेले असते आणि मुले नुसते ओठ हलवतात. परतताना छात्राध्यापकांना मी व्यंकटीचा अर्थ विचारते.