हरवणाऱ्याच्या मागे मागे

सिनेमा संपून दोन तास झाले, पण ते गाणं काही डोक्यातून जात नाही. संपलेला पैलवान, सुटलेलं पोट, आणि गाणं सुरू होतं. टायर ओढणं, दोरखंड चढणं, पहाटेचं पळणं. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोट गायब, तिसऱ्याला गडी थेट मैदानात. मलाही भरून आलं. मग टोचतंय काय?

मेहनत खोटी वाटली असं नाही. जोर-बैठकांनी अंग परत येतं. लवकर परत येत नाही ती वेळ साधण्याची नजर. साधा एकेरी पट घ्या, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचा डाव. गुडघा मॅटला टेकवत आत शिरायचं, डोकं वर, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला, हात त्याच्या गुडघ्यामागे घट्ट. डोकं जरा खाली गेलं की समोरचा गडी पाय मागे फेकतो, छातीचा सगळा भार मानेवर टाकतो आणि फिरून पाठीवर येतो. दोन गुण गेले. खंड पडलेल्या पैलवानाला डाव आठवतो, पण शिरायचा क्षण निघून गेल्यावर. ही नजर रोज जोडीदाराशी झोंबूनच येते, टायर ओढून नाही.

आणि वजनकाटा तर सिनेमात दिसतच नाही. पॅरिस, २०२४. विनेश फोगाट ५० किलो गटात फायनलला पोचलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन, ५० किलोच्या वर १०० ग्रॅम, आणि थेट बाद... जाऊ दे.

नाही, टोचतंय ते वेगळंच. त्या गड्याचं एकट्याने उठणं. तो पडतो एकटा, उठतो एकटा, आणि ज्याला तसं उठता येत नाही तो बघणारा मनातून आणखी खचतो. माझ्यासारख्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. रात्री असलं फार वाटतं.

पण खुद्द कुस्तीचा नियम असं म्हणत नाही! ऑलिम्पिकच्या कुस्तीत रेपेचाज असतो. ज्याने तुम्हाला हरवलं तो फायनलला गेला, तरच तुम्हाला कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येतं. तो मध्येच हरला तर तुमची स्पर्धा तिथेच संपली. म्हणजे ज्याने पाडलं त्याच्याच विजयाची वाट बघायची, आणि ती बघताना अंग थंड पडू द्यायचं नाही. हरल्याचा राग गिळून त्याच्या एकेका गुणावर जीव टांगून बसायचं. माणसाची खरी परीक्षा मला इथे दिसते, आणि एवढा मोठा प्रसंग सिनेमावाले सोडून देतात याचं वाईट वाटतं.

रिओ, २०१६, ५८ किलो. साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या कोब्लोवाकडून हरली. कोब्लोवा फायनलला गेली म्हणून साक्षीला दार उघडलं. आधी मंगोलियाच्या मल्लाला १२-३ ने हरवलं. मग पदकाच्या कुस्तीत किर्गिझस्तानच्या टिनिबेकोवासमोर ०-५ अशी पिछाडी, आणि शेवटी ८-५. निर्णायक पकड तर अगदी शेवटच्या काही सेकंदांतली.

दार दुसऱ्याने उघडलं म्हणून ते ब्राँझ हलकं होत नाही. हे लिहिल्यावर जरा बरं वाटतंय. गाण्यातल्या गड्यावरचा रागही उतरला, त्याला तीनच मिनिटं मिळाली होती. उद्या साक्षीची ती कुस्ती पहिल्या फेरीपासून बघणार, ०-५ सकट.