तुम्ही विचारलंत म्हणून : सेंटरला एवढं काय महत्त्व?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरी रविवारचा सामना पाहायला जमल्यावर, साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांशी ओळख करून दिली जाताना अमेरिकन फुटबॉलमधल्या माझ्या जागेविषयीचा हा प्रश्न मला निरनिराळ्या सुरांत विचारला गेला आहे. "तुम्ही हायस्कूलच्या संघात होतात ना? कुठल्या जागी? सेंटर? म्हणजे तो वाकून मागे बॉल देतो, तोच ना? त्यात एवढं काय असतं?" पाहुण्यांना मी आजवर हसून काहीतरी सांगितले, कारण त्यांचा दोष नाही. पण गेल्या महिन्यात एका मित्राने, जो पिट्सबर्गमध्ये माझ्याइतकीच वर्षे राहिला आहे आणि इथल्या स्टीलर्स संघाचा एकही सामना चुकवत नाही, चारचौघांत म्हटले, "ड्राफ्टमध्ये लोक क्वार्टरबॅक घेतात, लेफ्ट टॅकल घेतात, तुझ्या सेंटरला विचारतो कोण?" ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगमधले संघ दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. त्याच्याच स्टीलर्सनी २०१० साली पहिल्या फेरीत मॉर्कीस पाउन्सी हा सेंटर निवडला होता, हे त्या क्षणी मला आठवले नाही. घरी येताना गाडीत आठवले. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारले तर हेच वाचायला देईन.

ड्राफ्टचा मुद्दा आधी संपवतो. लेफ्ट टॅकलला, म्हणजे पुढच्या ओळीत डाव्या टोकाला असतो त्याला, सेंटरपेक्षा सहसा जास्त पैसे मिळतात, हे खरे आहे. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे सेंटरकडून चेंडू घेऊन तो फेकणाऱ्याची, पाठ ज्या बाजूला वळते ती बाजू तो सांभाळतो, आणि तसे प्रचंड, लांब हातांचे, तरीही चपळ पायांचे शरीर दुर्मीळ असते. पण बाजारात जे दुर्मीळ ते महाग, एवढेच त्यावरून सिद्ध होते. फिलाडेल्फियाचा सेंटर जेसन केल्सी २०११ च्या ड्राफ्टमध्ये १९१ वा होता, आणि २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेरा हंगाम तीच जागा खेळला. जेफ सॅटर्डे या सेंटरला तर ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. तो विजेच्या सामानाच्या दुकानात काम करत होता आणि पुढे इंडियानापोलिसमध्ये दहा-बारा वर्षे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या पुढे वाकून उभा राहिला. सेंटरमध्ये जे हवे असते ते उंची, वजन आणि चाळीस यार्डांच्या धावेत मोजता येत नाही, म्हणून ते उशिरा सापडते. माझा मित्र यावर म्हणेल की दोन उदाहरणांनी नियम होत नाही. म्हणू दे.

आता त्या वाकण्याविषयी. तुम्हाला वाटते, तो चेंडू देतो आणि मग काम सुरू करतो. तसे नसते. स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देणे, आणि पहिले पाऊल एकाच क्षणी पडावे लागते, कारण समोरचा नोज टॅकल चेंडूच्या लांबीइतक्या, म्हणजे सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर अंतरावर टपलेला असतो आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. सेंटरचा एक हात त्या वेळी स्वतःच्याच पायांमध्ये अडकलेला असतो. दोन्ही संघांच्या मधला तो जो निषिद्ध पट्टा असतो, त्यात शरीराचा भाग ठेवण्याची परवानगी मैदानावर फक्त त्याला असते. ही सवलत आहे की शिक्षा, हे मला चार हंगामांत कळले नाही. आमच्यातले एक काका याला "विकेटकीपरसारखा" म्हणतात. ते अर्धे बरोबर आहे. कीपरप्रमाणेच प्रत्येक चेंडूशी त्याचा संबंध येतो आणि चुकला तरच लोकांना तो दिसतो. पण कीपरवर चेंडू टाकायच्या क्षणालाच कोणी धावून येत नाही.

या जागेची किंमत काय असते, हे पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. सेंटर माइक वेबस्टर स्टीलर्सच्या सत्तरच्या दशकातल्या चारही सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यातल्या, विजयांत होता. २००२ मध्ये तो पन्नासाव्या वर्षी गेला आणि त्याच्याच मेंदूच्या तपासणीतून डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणाऱ्या आजाराची चर्चा या खेळात सुरू झाली. माझ्या मुलाला मी का खेळू दिले नाही, हा तुमचा दुसरा नेहमीचा प्रश्न; त्याचे उत्तर यात आले असे समजा. अर्थात मुलाने कधी मागितलेच नव्हते, हेही खरे.

परंतु स्नॅप आणि मार खाणे हे सेंटरचे महत्त्व नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी या विषयावर एक लेख लिहिला होता आणि त्यात "सेंटर हा ओळीचा मेंदू असतो" असे मोठ्या ऐटीत म्हटले होते. ओळीने उभे राहिल्यावर तो समोरची मांडणी वाचतो, त्यांच्या ओळीमागे उभ्या असलेल्यांतला मधला लाइनबॅकर कोणता ते बोटाने दाखवतो, कोण कुणाला अडवणार हे एका शब्दात ओरडतो आणि बाकीचे चौघे तो शब्द पुढे पोहोचवतात. हे सगळे त्या लेखात होते आणि ते बरोबरही होते. आज तो लेख वाचताना मला लाज वाटते ती त्यात काय लिहिले नाही याची. मेंदू म्हटले की चूक मेंदूच्या नावावर जाईल असे कुणालाही वाटेल. या खेळात ती तशी जात नाही. सेंटरची हाक चुकली की प्रेक्षकांना चुकलेला दिसतो तो कुणी दुसराच. मला हे माहीत होते. लेख लिहिताना तर नक्कीच माहीत होते.

१९९४ च्या शरदातली गोष्ट आहे. साताऱ्याहून पाचवी संपवून १९८८ मध्ये मी इथे आलो होतो आणि हे माझे हायस्कूलचे शेवटचे वर्ष होते. शुक्रवारची रात्र, तिसरा क्वार्टर, चार प्रयत्नांपैकी तिसरा (तिसरा डाउन) आणि अकरा यार्ड बाकी, म्हणजे आम्ही पासच करणार हे मैदानाबाहेर भाजलेले शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळत होते. आम्ही शॉटगनमध्ये होतो, म्हणजे क्वार्टरबॅक माझ्यापासून काही पावले मागे उभा होता. समोर त्यांचे चौघे ओळीत होते आणि ते माझ्या दोन्ही बाजूंच्या दोन गार्ड व दोन टॅकल यांच्या वाट्याला जात होते. मी मोकळा होतो आणि क्वार्टरबॅकच्या शेजारचा, एरवी चेंडू घेऊन धावणारा आमचा रनिंग बॅक मोकळा होता. मागून आणखी कोणी धावून आले, तर एक बाजू माझी आणि दुसरी त्याची. कोणती कोणाची, हे मी सांगायचे. दोघेही एकाच बाजूने येतील असे दिसले, तर त्यासाठी आमच्याकडे वेगळी हाक होती, ज्यावर मी आणि तो एकाच बाजूला वळायचो. आतला माझा, बाहेरचा त्याचा.

उजवीकडचा सेफ्टी, म्हणजे त्यांचा एरवी सर्वांत मागे राहणारा बचावपटू, पुढे सरकलेला मला दिसला. शॉटगनचा स्नॅप देताना मी मान खाली घालून पायांमधून मागे पाहत असे, त्यामुळे मान घालण्यापूर्वीचे दृश्य हेच माझे शेवटचे दृश्य असायचे, आणि त्या दृश्यात त्या सेफ्टीच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. असे उभे राहणारा माणूस मागे जाणार नसतो. उजव्या लाइनबॅकरची नजर माझ्यावर नव्हती. ती माझ्या आणि उजव्या गार्डच्या मधल्या फटीवर होती. हे दोन्ही मी पाहिले. वेगळी हाक देण्याइतका वेळ होता. मी "डावीकडे" ही साधी हाक दिली आणि मान खाली घातली.

का? इथे मी वर्षानुवर्षे एक सबब सांगत आलो. पहिल्या हाफमध्ये त्यांचा डावीकडचा लाइनबॅकर दोनदा आला होता आणि प्रशिक्षकांनी दिलेल्या टिपणात सेफ्टीच्या ब्लिट्झचा, म्हणजे त्याने क्वार्टरबॅकवर धावून येण्याचा, उल्लेखच नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खरे कारण त्याच्या आधीच्या पासच्या वेळी घडले होते. तेव्हाही तो सेफ्टी असाच पुढे आला होता, मी घाईघाईने हाक बदलली होती, चौघांनी ती पुढे पोहोचवली होती आणि तो नुसता हुलकावणी देऊन मागे निघून गेला होता. हडलमध्ये, म्हणजे पुढचा डाव ठरवायच्या घोळक्यात, परतताना उजवा गार्ड हसत काहीतरी पुटपुटला होता. सतरा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. पुन्हा ओरडून पुन्हा फसायचे नव्हते, म्हणून मी जे पाहिले ते पाहिलेच नाही असे ठरवले.

दोघेही आले. रनिंग बॅकने नियमाप्रमाणे आतल्याला, म्हणजे लाइनबॅकरला धरले, आणि चांगले धरले. सेफ्टी त्याच्यापासून हातभर अंतरावरून, कुणाचाही स्पर्श न होता निघून गेला. त्या वेळी मी डावीकडे उभा होतो आणि माझ्यासमोर कोणीही नव्हते. अडवायला कोणी नसलेला लाइनमन मैदानावर किती वेळ एकटा असू शकतो, हे मला त्या दिवशी समजले. मागून आवाज आला. आमच्या क्वार्टरबॅकच्या हासळीचे हाड मोडले होते आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. स्टँडमधून जे नाव घेऊन लोक ओरडले ते रनिंग बॅकचे होते, कारण सेफ्टी त्याच्या शेजारून गेला हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे अंधाऱ्या खोलीत टेप पाहायला बसलो. प्रशिक्षकांनी तो प्ले लावला, थांबवला, मागे नेला, पुन्हा थांबवला. चित्र थरथरत होते. सेफ्टीच्या उचललेल्या टाचा त्यातही दिसत होत्या आणि माझे हेल्मेट सरळ त्या दिशेला वळलेले होते. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. ते वाट पाहत होते हे मला कळत होते. मी माझ्या चपलांकडे पाहत बसलो. मग मागच्या रांगेतून रनिंग बॅक म्हणाला, "माझी चूक, कोच." तो माझ्यापेक्षा एक वर्ष मागे होता. प्रशिक्षकांनी आणखी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि टेप पुढे सोडली. पुढचे दोन आठवडे त्या मुलाला बाकावर बसवले. प्रशिक्षकांना जर कळले होते, तर त्यांनी तसे का केले, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारायचा अधिकार मी त्या खोलीतच घालवला होता.

याच्या उलटही घडते आणि तेव्हा तुम्ही मला फोन करता. २ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री मला सहा फोन आले. डेन्व्हरने त्या हंगामात ६०६ गुण केले होते, एनएफएलच्या इतिहासात कुणीही केले नव्हते इतके, आणि सुपर बोलच्या पहिल्याच स्नॅपला सेंटर मॅनी रामिरेझचा चेंडू तोवर डेन्व्हरकडे आलेल्या मॅनिंगच्या डोक्याजवळून त्यांच्याच एंडझोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गेला. बाराव्या सेकंदाला त्याचे दोन गुण (यालाही सेफ्टीच म्हणतात, त्या खेळाडूशी संबंध नाही) प्रतिस्पर्धी सिअॅटलला मिळाले. शेवटी ४३-८. "बघ तुझा सेंटर!" असे सहाही जण म्हणाले. आवाज इतका होता की स्नॅपची हाक कुणालाच नीट ऐकू आली नव्हती. रामिरेझला ती ऐकू आल्यासारखी वाटली आणि मॅनिंग तेव्हा पुढे चालत येत होता. रामिरेझ मुळात गार्ड होता, नेहमीचे सेंटर जायबंदी झाल्यामुळे त्या वर्षी या जागी आला होता आणि त्याआधीचा सबंध हंगाम त्याने ही जागा सांभाळली होती. त्या रात्री मी सहाही जणांशी भांडलो. एक चूक दिसली म्हणून सगळा पराभव एका माणसाच्या खात्यावर टाकता, म्हणून भांडलो. त्यांनी जे केले त्यात नवे काही नव्हते. माझ्या बाबतीत खाते फक्त दुसऱ्याचे निघाले होते.

त्याच आठवड्यात मी त्या रनिंग बॅकचा नंबर शोधून त्याला फोन केला. जवळजवळ वीस वर्षांनी. तो ओळखीने बोलला, मुलांविषयी सांगितले. मी विषय काढला आणि टाचांपासून गार्डच्या हसण्यापर्यंत सगळे सांगितले. मला वाटले होते, तो चिडेल किंवा मोकळा होईल. दोन्हींची मी तयारी केली होती. तो म्हणाला, "नाही रे, मी सेफ्टीला पाहिलं होतं. मी ओरडायला हवं होतं. पण तू डावीकडे म्हणालास, तेव्हा मला वाटलं, तुला तिकडे काहीतरी दिसलं असेल."

मी पुन्हा सांगून पाहिले की हाक माझी होती आणि नियमाप्रमाणे तू केलेस तेच बरोबर होते. त्याने ते मानले नाही. वीस वर्षे त्याने ती चूक स्वतःची म्हणून सांभाळली होती आणि मी ती परत मागतोय हे त्याला आवडले नसावे. आमचे बोलणे पाच-सात मिनिटांत संपले. पुन्हा झालेले नाही.

तर, सेंटरला एवढे काय महत्त्व? माझ्या त्या स्टीलर्सवाल्या मित्राला मी एका रविवारी, क्वार्टरबॅक खाली पडल्यावर "कुणाची चूक?" असे त्याने विचारले तेव्हा म्हटले, "रिप्ले लागू दे, सेंटरचं डोकं कुणीकडे वळलंय ते बघ." रिप्ले लागला. तो क्वार्टरबॅकच्या चेहऱ्यापासून सुरू झाला आणि सेंटर चौकटीत आलाच नाही.