कापसाच्या मुलखात पोलिस्टरचं कपाट

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवडाभर आधी आमच्या बेडरूममधल्या कपाटाचं एक दार बिजागरीसकट हातात आलं. सकाळी बँकेत जायची घाई, मी एक कुर्ती ओढली, तिच्यामागे अजून चार आल्या, त्यांच्यामागे साडीचे दोन बॉक्स, आणि मग दार. संध्याकाळी मिस्तरी आला, त्यानी दार पाहिलं, आत पाहिलं, परत दार पाहिलं आणि म्हणाला, "ताई, दार चांगलंय, आत माल जास्त झालाय." 300 रुपये घेऊन गेला.

रविवारी सगळं पलंगावर काढलं. जळगावात त्या दिवशी 44 होतं, कूलर फुल, तरी घाम. मोजून पाहिलं तर माझ्या साड्या 61, कुर्त्या 38, ह्यांचे शर्ट 27 (त्यातले घालतात सहा, तेच सहा, आलटून पालटून, बाकीचे 'चांगले आहेत, राहू दे'), शिवाय न शिवलेले पॅन्टपीस, शर्टपीस, ब्लाऊजपीस ह्यांची एक वेगळी पिशवी आणि टॉवेल-टोपीची एक. गंमत म्हणजे साड्यांचा ढीग लावला की तो घसरायचा. परत लावायची, परत सळकन खाली. तिसऱ्यांदा सगळा ढीग फरशीवर गेला तेव्हा मी तिथेच बसले आणि हात लावून बघायला लागले, की ह्यात सुती किती आहेत. 61 पैकी 9.

आता मी कुठली, तर चोपडा तालुक्यातली. माहेरी अजून कपाशी लावतात. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत घरातली एक अख्खी खोली कापसानी भरलेली असायची आणि आम्ही त्यात उड्या मारायचो, आणि अंगाला खाज सुटली की माय ओरडायची. अशा घरची पोरगी 45च्या उन्हात प्लास्टिक नेसून फिरते आहे हे माझ्या डोक्यात त्या फरशीवर बसेपर्यंत कधी आलंच नव्हतं.

पण आल्या कुठून इतक्या? शॉपिंगचं वेड मला फार नाही, खरंच. उत्तर बॉक्समध्येच होतं. आमच्या सासूबाईंची सवय अशी की आहेरात आलेल्या प्रत्येक साडीत त्या एक चिठ्ठी घालून ठेवतात, कोणाकडून, कुठल्या लग्नात, म्हणजे पुढे कोणाला द्यायची झाली तर ज्याची त्यालाच जायला नको. तर अशा चिठ्ठ्या निघत गेल्या. 'एरंडोलच्या फुई, वास्तुशांती.' 'पारोळेकर, साखरपुडा.' आणि एका मोरपंखी साडीत दोन चिठ्ठ्या. एक सासूबाईंच्या अक्षरातली, 'भुसावळ, मोठ्या मामी', आणि दुसरी पण सासूबाईंच्याच अक्षरातली, 'धुळे, वन्सं'. म्हणजे ही साडी भुसावळहून आमच्याकडे आली, आम्ही धुळ्याला दिली (चिठ्ठी काढायची राहिली!), तिकडून कुठे कुठे फिरून परत धुळ्याहूनच आमच्याकडे आली आणि कोणीही, म्हणजे एकाही बाईनी, ती घडी मोडली नाही. मी सासूबाईंना दाखवली तर त्या इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "वन्संनी पाहिली असेल गं चिठ्ठी?" आणि हसणं बंद.

आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता फाडायला सुरतला जायचं, हे ठरलेलंच. भुसावळ-सुरत लाइन आहे, गाडीत बसलं की दशम्या आणि तिखट पुऱ्या खात खात सुरत, नवरीच्या भारी साड्या निवांत बघून घ्यायच्या आणि मग देण्याघेण्याच्या साड्या डझनानी, एकच डिझाइन, रंग वेगळे. सुरतचा धंदा मुख्यतः कृत्रिम धाग्याचा, त्यामुळे स्वस्त पडतं, आणि देणाऱ्याचं पण बरोबर आहे, दीडशे बायांना द्यायचं तर कुठून आणणार सुती? पण घेणारीच्या कपाटाचं काय होतं ते दाराला विचारा.

खान्देशात कापड निघायचं हो एकेकाळी. जळगावला खान्देश मिल, अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप. खान्देश मिलच्या जागेवर आता मॉल आहे, आणि मी त्यातल्या सेलमधून घेतलेल्या दोन कुर्त्या त्या ढिगात होत्या, टॅगसकट. आजोबा सांगायचे की 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष, तेव्हा त्यांचे वडील बैलगाडीनी गेले होते आणि खादीची दोन धोतरं घेऊन आले. एक अंगावर, एक वलणीवर. तेवढंच कपाट. मला काही दोन धोतरांवर जायचं नाहीये, बँकेत रोज एकच कुर्ती घालून गेले तर पहिली चर्चा आमच्या स्टाफमध्येच होईल.

तर मी काडीची परीक्षा घेतली. ही मायकडून माहीत होती पण कधी केली नव्हती. कपड्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा, खाली ताटली ठेवायची आणि काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वास पण कागदाचा, आणि राख बोटानी चोळली की भुकटी. पोलिस्टर आधी ज्योतीपासून आक्रसतो, मग वितळतो, काळा धूर, आणि टोकाला टणक मणी राहतो, नखानी फुटत नाही. मिक्स असेल तर थोडी राख थोडा मणी. एका प्रदर्शनातून 'प्युअर कॉटन' म्हणून 899ला घेतलेली बांधणीची कुर्ती होती माझी, फार लाडकी. तिचा धागा धरला आणि माझ्या डोळ्यासमोर मणी झाला. छान गोल. मी तो डबीत ठेवलाय. आणि हे फक्त स्पर्शाचं नाही बरं का, सुती धागा हवेतला ओलावाच स्वतःच्या वजनाच्या 7-8 टक्के धरतो, पोलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, मग घाम जाणार कुठे, तो पाठीवरच राहतो आणि आपण म्हणतो यंदा ऊन फार आहे.

खरं सांगायचं तर टिकायच्या बाबतीत पोलिस्टरला तोड नाही. ती मोरपंखी साडी अजून 50 वर्षं फिरेल, रंग जाणार नाही, चुरगळणार नाही, वाळवायला अर्धा तास. 'कमी घ्या पण टिकाऊ घ्या' असं सगळेच सांगतात, आणि माझ्या कपाटात टिकाऊच टिकाऊ भरलंय. मायच्या अंगावरचं सुती लुगडं दोन-तीन वर्षांत विरतं, पण ती दोन-तीन वर्षं ते रोज अंगावर असतं, मग गोधडीत जातं, गोधडी फाटली की पायपुसणं. मला तसं टिकलेलं पाहिजे, वापरून वापरून संपलेलं.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. ह्यांचा एक चांगला सुती शर्ट, 1499चा, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला होता, 230 ग्रॅम भरला. म्हटलं दादा, ह्याला कापूस किती लागला असेल? तो म्हणे 100 किलो कापसातून जिनिंगमध्ये 33-34 किलो रुई निघते, बाकी सरकी, पुढे कताईत घट, शिवताना कटाई, म्हणजे धर एक किलोच्या आसपास. यंदा गावात व्यापाऱ्याला 7000च्या आतबाहेर क्विंटल दिलाय, म्हणजे किलोचे 70. त्यातून वेचणीच दहा-बारा रुपये किलोनी जाते, मग बियाणं, खत, फवारणी, आणि बोंडअळी आली तर सगळाच आनंद. "म्हणजे 1499च्या शर्टात आपले 70?" मी विचारलं. तो म्हणाला, "आणि त्यात माझे किती ते विचारू नको." मग जरा थांबून, "तू कशाला हे सगळं काढलंयस? दार तुटलं म्हणून?"

भांडेवाली आमच्या कॉलनीत मंगळवारी येते. पुस्तकात बोहारीण, आमच्याकडे भांडेवालीच. तिच्यासमोर मी 22 साड्या ठेवल्या, नव्या कोऱ्या, मला वाटलं बाई खूश होईल. तिनी वरच्या साडीवर नुसता तळवा फिरवला आणि बाजूला ठेवली. "ह्याचं काही येत नाही ताई. पॅन्टा हायेत का? जरीचं जुनं काही?" घ्या! आपल्याला नको ते तिलाही नकोच असतं. तासभर घासाघीस झाली. शेवटी 22 साड्या, ह्यांच्या चार पॅन्टा (त्यांना न विचारता, एक सापडली नाही म्हणून आठवडाभर शोधत होते), एवढ्याचं एक स्टीलचं पातेलं, तेही झाकणाशिवाय. झाकणासाठी एक जीन्स मागत होती, मी नाही दिली. ते पातेलं आता वांगी ठेवायला वापरते, भरताची चार मोठी वांगी बसतात बरोबर.

बाकीचं काय केलं ते सांगत बसत नाही, थोडं नातेवाइकांत, थोडं कामाच्या मावशींना त्यांनी स्वतः निवडून, आणि शर्टपीस-पॅन्टपीसची पिशवी अजून तशीच आहे. तिच्याकडे मी बघतच नाही.

नवीन घेताना मात्र आता वेळ लागतो आणि दुकानदार वैतागतात. फुले मार्केटमध्ये परवा एका दुकानात मी कुर्ती उलटी केली तर पोरगा म्हणे, "मॅडम, सरळ बाजूनी बघा ना, डिझाइन तिकडं आहे." मला डिझाइन बघायचंच नव्हतं. आत दाब किती ठेवलाय, म्हणजे पुढे अंग वाढलं (वाढतंच) तर उसवता येईल का, काखेत शिवण दुहेरी आहे का, ओव्हरलॉकचे धागे लोंबतायत का, काजं नीट भरलीत का, हे सगळं आतून दिसतं. हे शिकवलं आमच्या टेलरकाकांनी. त्यांच्याकडे मी सहा कुर्त्या अल्टरला नेल्या तर चार त्यांनी परत केल्या, "ह्यात दाबच नाही, मी कुठून आणू कापड?" उरलेल्या दोन उसवल्या, प्रत्येकीचे 80 रुपये, आणि आता नव्यासारख्या होतात अंगाला. सुती कापड घेतलं तर ते आधी एक रात्र पाण्यात घालून मगच शिवायला द्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही वर जाते आणि मग आपण कापडाला शिव्या घालतो, हे पण त्यांचंच.

वर्षाला चार असं ठरवलं होतं. सप्टेंबरपर्यंतच पाच झाल्या. एक इंदूरला घेतली, प्रवासातली धरत नाही.

अखाजीला माहेरी गेले तेव्हा नऊपैकी विरलेल्या तीन सुती साड्या आणि उरलेल्या आहेरातल्या दहा-बारा नेल्या होत्या, म्हटलं मायला गोधडीला होतील. तिनी ओसरीवर पिशवी उपडी केली. "इतल्या साड्या कसाले व माय?" आणि मग एकेक हातात घेऊन दोन ढीग केले, काडीबिडी काही नाही, नुसत्या अंगठ्यानी. तीन इकडे, बाकी तिकडे. पोलिस्टरची गोधडी म्हणे अंगावर राहत नाही, रात्रीतून घसरून जाते, आणि सुई पण नीट चालत नाही. तिकडच्या ढिगाचं काय मग? दादानी त्या उचलल्या आणि शेताच्या कडेनी काठ्या रोवून आडव्या बांधल्या, रानडुकरांसाठी. तीन महिन्यांनी गेले तेव्हा पाऊस पडून गेला होता, कपाशी गुडघ्याएवढी, आणि बांधावर गुलाबी, राणी, चिंतामणी रंग अगदी तसेच. एकाचाही रंग उडाला नव्हता. डुकरं येतात म्हणे तरी.

आता दिवाळीनंतर पुतणीचं लग्न आहे. बस्ता अर्थातच सुरतला, आणि देण्याच्या साड्या निवडायला जाऊबाईंनी मलाच घेतलंय, "तू आता एक्स्पर्ट ना" असं म्हणून, त्यात टोमणा किती आणि कौतुक किती ते मला अजून कळलं नाही. मी सुचवलं की बायांना साडीऐवजी सुती चादरी देऊ. ह्यावर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मग 150 साड्यांवरून 90वर तडजोड झाली, त्यातल्या जवळच्या 20 जणींच्या सुती. काल रात्री पर्स भरताना मी काडेपेटी टाकली तर सासूबाईंनी पाहिलं.

"दुकानात साडी पेटवू नको म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि चिठ्ठ्यांसाठी कोऱ्या वहीची चार पानं फाडून माझ्या पर्समध्ये घातली.